योग्य ती कार्यवाही

ग्रिम्सबीच्या कौन्सिलात, दुसऱ्या मजल्यावर,
माझं टेबल खिडकीपासून दोन खुर्च्या आत.
वारा पूर्वेचा असला की गोदीवरून मासळीचा वास येतो
आणि मी क्षणभर मालवणात असते.
मग फोन वाजतो. टॅक्सी लायसन्सिंग, बोला.

लोक बोलतात.
लांबच्या रस्त्याने नेलं. सुटे परत दिले नाहीत.
आंधळ्या माणसाला घेतलं, त्याच्या कुत्र्याला नाही.
एका आजोबांची तक्रार, की ड्रायव्हर वाटभर गप्प होता.
गप्प बसायला बंदी नाही हो, मी म्हटलं.
ते म्हणाले, तरी लिहून तर ठेव.
ठेवलं.

आमच्याकडे गाऱ्हाणं देवाला घालतात.
नारळ ठेवून गुरव मोठ्यांदा सांगतो कुणाचं काय अडलंय,
आणि दर वाक्याला गाव म्हणतो, व्हय महाराजा.
इथे फॉर्म आहे, सात पानी.
गाडीचा नंबर, बॅजचा नंबर, तारीख, वेळ,
शेवटी एक चौकट: काय घडलं ते तुमच्या शब्दांत.

इफेओमा न्वोसू चौकटीत मावली नव्हती.
समासात, उभं, मग पानामागे:
पहाटे पाच दहा. कार्डाचं मशीन चालेना.
फोनवरून पाठवते म्हटलं, आत्ता, तुमच्यासमोर.
तो म्हणाला, उतर.
राउंडअबाउटपाशी उतरवलं. गारा पडत होत्या.
दोन मैल चालले. ज्यांना उठवायला मी जाते
त्या बाई ब्याण्णव वर्षांच्या, ओल्या अंथरुणात वाट बघत होत्या.
मी रडले नाही. हेही नोंदवा.

सुनावणीला तीन नगरसेवक, एक वकील, बिस्किटं.
क्लिफर्ड टॅस्कर लग्नात शिवलेला असावा असा कोट घालून आला.
बावीस वर्षं बॅज, एक डाग नाही.
तिची खुर्ची रिकामी. रजा मिळाली नाही.
तरी पाण्याचा पेला भरून ठेवला होता, मीच.
तिचं म्हणणं मला वाचावं लागलं.
माझ्या आवाजात त्याला इस्त्री झाली.
एकाही वाक्याला कुणी व्हय म्हणालं नाही.

टॅस्कर म्हणाला, मार्चात दोन पोरं भाडं बुडवून पळाली,
शेहेचाळीस पौंड. त्याआधी एकाने मागून गळा धरला.
कॉलर ओढून दाखवू लागला.
अध्यक्षबाई म्हणाल्या, गरज नाही.
मग तो टेबलाशी बोलल्यासारखं म्हणाला,
गारा पडत होत्या, हे खरं.
मी ते इतिवृत्तात घेतलं.
वकिलाने विचारलं, हे वगळता येईल?
नाही, मी म्हटलं.

प्रश्न एकच असतो. हा माणूस लायक आहे का?
म्हणजे आपली लेक
रात्री याच्या गाडीत एकटी बसवाल का?
अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण दोनदा काढलं, लावलं.
चौदा दिवस निलंबन. लेखी ताकीद.
एकवीस दिवसांत अपील करता येईल.
टॅस्करने बॅज काढला, टाचणी अंगठ्यात घुसली,
तो अंगठा तोंडात धरून बाहेर गेला.

आता तिला पत्र.
किती दिवस, कसली ताकीद, गारांबद्दल तो काय म्हणाला,
यातलं काही कळवायचं नाही. ती त्याची खाजगी माहिती.
तिला जाते एकच ओळ,
जी माझ्या वडिलांनी तहसील कचेरीत
तीस वर्षं दोन बोटांनी टंकली:
योग्य ती कार्यवाही करण्यात आली आहे.
लहानपणी मी विचारलं होतं, म्हणजे काय केलं, बाबा?
म्हणाले, म्हणजे कागद पुढे गेला.

तिच्याखाली मी आणखी एक ओळ घातली.
साच्यात नाही, कुणाच्या खाजगीतही मोडत नाही:
तुम्ही रडला नाहीत, हे नोंदवलं आहे.

साहेबांनी सही केली. वाचलं की नाही, माहीत नाही.
पाकिटावर तिकीट लावलं, दुसऱ्या वर्गाचं.